मागे राहिलेल्यांचा इतिहास : पेठ तालुक्यातील स्थलांतर, म्हातारपण आणि मनाचा आधार

१/
दिवाळी सरते आणि पेठहून नाशिककडे येणाऱ्या रस्त्यावर जीपगाड्या व टेम्पो भरून माणसे दिसू लागतात. भांड्यांची गाठोडी, नागलीच्या पिठाच्या पिशव्या, कडेवर मुले. द्राक्षबागांचा हंगाम उभा राहिलेला असतो. या जाणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु प्रत्येक गाडी सुटते तेव्हा पाड्यावर कोणीतरी उंबऱ्याशी उभे असते आणि गाडी वळणाआड गेल्यावर घरात परतते. हा धागा त्या परतणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा आहे.

२/
पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ तालुका. पावसाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. लोकसंख्येत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक माणसे आदिवासी : कोकणा, महादेव कोळी, वारली. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात. पाऊस गेला की जमीन कोरडी आणि हात रिकामे. स्थलांतर येथे अपवाद नाही. ते वर्षाच्या चक्राचाच एक भाग झाले आहे.

३/
स्थलांतराची आठवण तर येथील एका जमातीच्या नावातच आहे. 'कोकणा' म्हणजे कोकणातले. पंधराव्या शतकाच्या आगेमागे दुर्गादेवीचा म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला, तेव्हा ठाणे-कोकणातून हे लोक घाट चढून आले, अशी परंपरा सांगितली जाते. तारखांविषयी वाद घालता येईल. परंतु सोडून आलेल्या मुलखाचे नाव शतकानुशतके अंगावर वागवणारा समाज स्मृतीला किती मानतो, हे त्यातून कळते. आणि लिपी नसलेल्या समाजात स्मृती म्हणजे म्हातारी माणसे.

४/
ही केवळ भावनेची गोष्ट नाही. शेजारच्या डांग मुलखातील वृद्धांच्या तोंडच्या 'गोठी' ऐकून इतिहासकार अजय स्कारिया यांनी १९९९ मध्ये 'हायब्रिड हिस्टरीज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वृद्धांनी भूतकाळाचे दोन भाग पाडले होते. एक 'मोगलाई' : जंगलात मोकळेपणी वावरण्याचा काळ. दुसरा 'मंदिनी' : गोऱ्यांनी मोजणी केली, हद्दी आखल्या, रखवालदार नेमले, तो काळ. दप्तरात सनावळ्या होत्या. या गोठींत त्या सनावळ्यांनी माणसांचे काय केले ते होते.

५/
पेठची 'मंदिनी' कशी आली? पेठ हे एक लहान संस्थान होते. १८५७ च्या डिसेंबरात या मुलखात उठाव झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला आणि गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना इंग्रजांनी फासावर चढवले. १८७८ मध्ये येथील बेगमेचा मृत्यू झाला आणि संस्थान खालसा होऊन थेट ब्रिटिश अमलाखाली आले. त्याच वर्षी हिंदुस्थानचा वन कायदा संमत झाला. पेठच्या माणसाला नवा राजा आणि नवा रखवालदार एकाच वर्षी भेटले.

६/
या कायद्याचा म्हाताऱ्या माणसांशी काय संबंध? फार मोठा. झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जाळून राब करायचा आणि त्या भाजलेल्या जमिनीत नागलीचे रोप टाकायचे, ही येथील शेतीची रीत होती. कोणत्या झाडाची फांदी तोडावी, किती तोडावी, राब कधी पेटवावा, हे ज्ञान वडीलधाऱ्यांकडे असे. राखीव जंगलाची रेघ आखली गेली आणि काल जे शहाणपण होते, ते आज गुन्ह्याच्या वहीत जाऊ लागले. मुलाला शिकवावे तर शिक्षा, न शिकवावे तर उपास.

७/
तरीही पुढील कित्येक दशके पाड्यावरचा वृद्ध निराधार झाला नाही. याचे कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. त्या काळी पेन्शन नव्हती, दवाखाना नव्हता, धान्याचीही शाश्वती नव्हती. होती ती गरज. घराला आणि गावाला म्हाताऱ्या माणसावाचून पावले टाकता येत नसत. मनाला आधार देणारी ही गोष्ट कोणी योजना म्हणून आखलेली नव्हती. ती रोजच्या जगण्यात विणलेली होती.

८/
उदाहरणे पाहा. बियाणे : भाताचे हळवे, निमगरवे, गरवे वाण कोणत्या खाचरात टाकायचे आणि कणगीतले कोणते दाणे पेरणीसाठी राखायचे, हे घरातली म्हातारी ठरवी. दुष्काळ : कडू कांद विषारी असतो, त्याच्या चकत्या करून, राखेत शिजवून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावरच तो पोटात घालता येतो. १८९९-१९०० सारख्या दुष्काळात हे ठाऊक असणे आणि नसणे यांत जीवनमरणाचे अंतर होते. जन्म : सुईण ही बहुधा वयस्क स्त्रीच असे.

९/
आणि मृत्यू. काशाच्या थाळीवर मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवायची आणि ती बोटांनी वरून खाली ओढायची. थाळीतून एक लांब, घुमणारा नाद निघतो. या नादावर रात्ररात्र कथा गायली जाते. धान्याची देवता कणसरी हिची कथा असते, तशीच मृताला वाटेला लावणारीही असते. हे गायन जाणणारा माणूस वयानेच पिकलेला असायचा. ज्या घरात मरण आले, त्या घराला रात्रभर एकटे न सोडण्याची जबाबदारी समाजाने एका म्हाताऱ्या आवाजावर सोपवली होती. शोक वाटून घेण्याची याहून नेमकी व्यवस्था क्वचितच सापडेल.

१०/
वर्षातून एकदा अवघे गावच ही व्यवस्था उभी करी. मार्गशीर्षात डोंगरदेवाचा उत्सव. व्रत घेतलेले 'माऊली' पावरीच्या सुरावर नाचत पाड्यापाड्यांतून फिरतात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरातील देवाच्या ठिकाणी रात्र जागवतात. पाय तरुणांचे, परंतु क्रम, मंत्र, पथ्ये आणि वाट वृद्धांच्या मुखात. एक पिढी नाचते आणि दुसरी तिला कसे नाचायचे ते सांगते. या उत्सवाला दोन्ही पिढ्या एकाच वेळी गावात असाव्या लागतात, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येईल.

११/
मात्र जुन्या काळाचे केवळ गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. याच समाजात एकट्या, वृद्ध, बहुधा विधवा स्त्रीवर 'भुताळी' असल्याचा ठपका येऊ शकत असे. गुरे मेली, मूल आजारी पडले, की बोट तिच्याकडे वळे. मारहाण होई, गाव सोडावे लागे. शेजारच्या डांगातही वृद्धेला डाकीण ठरवून छळल्याच्या नोंदी वसाहतकाळापासून आहेत. ज्या म्हातारीचा गावाला उपयोग, तिला मान. जिच्या मागे कोणी नाही, तिच्यावर संशय. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा ठपका ठेवणे गुन्हा ठरवले.

१२/
भगताचेही असेच. झोप उडालेला, जेवण सुटलेला, स्वतःशी बोलणारा माणूस भगतापुढे बसे. भगत त्याचे ऐकून घेई, दाणे मांडी, घरच्यांना भोवती बसवी. त्या ऐकून घेण्यात दिलासा होता. परंतु त्याच दाण्यांतून कधी एखाद्या म्हातारीचे नाव निघे आणि ज्याला खरोखर औषधाची गरज होती, त्याचे दिवस वाया जात. इतिहासाला या दोन्ही बाजू एकाच पानावर लिहाव्या लागतात.

१३/
आता वळण येते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला खडी फोडायला लावले. त्यातून रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावाजवळ काम मिळाले तर माणूस घर सोडत नाही, हा तिचा साधा विचार होता. त्याच सुमारास नाशिक, दिंडोरी, निफाड या पट्ट्यांत द्राक्षशेती पसरत गेली. जिल्हा एकच, परंतु पूर्वेला बागायत आणि पश्चिमेला कोरडवाहू उतार. पाण्याने जी दरी पाडली, ती भरून काढायला माणसे चालत निघाली.

१४/
नाशिकजवळचे गिरणारे हे गाव मजुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांतील टोळ्या तेथे उतरतात, बागायतदार येतात, मजुरी ठरते. ऑक्टोबरची छाटणी झाली की मागोमाग फुटवे काढणे, घडांची विरळणी, औषधात घड बुडवणे आणि शेवटी खुडणी, असे काम मार्चपर्यंत चालते. हात चपळ हवेत आणि दिवसभर मान वर करून उभे राहता यायला हवे. साठीच्या माणसाला टोळीत जागा मिळत नाही.

१५/
आता डोंगरदेवाकडे परत येऊ. उत्सव मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात; आणि द्राक्षबागेत हात लागतात तेही नेमके त्याच दिवसांत. ज्या महिन्यात दोन पिढ्या एकत्र यायच्या, त्याच महिन्यात एक पिढी बागेत असते. मंत्र जाणणारा पाड्यावर आहे. नाचणारे पाय गिरणाऱ्याच्या पलीकडे आहेत. काही जण सुट्टी काढून येतात, काही गावे नेटाने उत्सव करतात. परंतु परंपरा मोडायला कोणाची बंदी लागत नाही, दोन पंचांगे एकमेकांवर येणेही पुरते.

१६/
मागे काय उरते? अंगणात दोन शेळ्या, घरात शाळेत जाणारा नातू, डब्यात रेशनचे तांदूळ. म्हातारी माणसे नातवंडे सांभाळतात, म्हणजे अजूनही घर त्यांच्यावर उभे आहे. परंतु बोलायला समवयस्क कमी, हाकेच्या अंतरावरची घरे बंद. दुखणे आले तर दवाखान्यापर्यंत नेणारा खांदा नाही. वयोवृद्धांच्या मनाची ही अवस्था सांगायला मराठीत एक साधा शब्द आहे : करमत नाही.

१७/
'करमत नाही' हा आजार नव्हे. पण आजाराची ती पायवाट असू शकते. 'घोर लागला', 'हाय खाल्ली', 'जीव रमत नाही' हे सारे शब्द मनाचे दुःख जिवाच्या, देहाच्या भाषेत सांगतात. कोरियन भाषेत 'ह्वाब्यंग' असा शब्द आहे. त्याचा अर्थ 'अग्नीचा आजार' : वर्षानुवर्षे गिळलेला संताप छातीत जळू लागतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या नियमपुस्तिकेत हा शब्द संस्कृतिविशिष्ट व्याधींच्या सूचीत नोंदवला गेला. पेठच्या म्हातारीचा 'घोर' मात्र अशा कोणत्याही सूचीत नाही.

१८/
कोरियाचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाई लोकांना उघडली. कोरियन तरुण गेले आणि पुढे त्यांनी आईवडिलांना बोलावून घेतले. उतारवयात नवी भाषा येत नाही. मुले दिवसभर दुकानात, नातवंडे इंग्रजीत. अशा वृद्धांना आधार मिळाला तो प्रामुख्याने कोरियन चर्चचा. तेथे त्यांची भाषा होती, पान मांडलेले होते आणि 'वडीलधारे' हा मान शिल्लक होता.

१९/
२०१४ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातील एक प्रसंग जगभर गाजला. काही कोरियन वृद्ध एका बर्गरच्या दुकानात एका कॉफीवर तासन्‌तास बसत. दुकानाने हरकत घेतली, पोलीस बोलावले गेले, शेवटी गर्दीची वेळ सोडून बसू देण्याचा तोडगा निघाला. त्या परिसरात ज्येष्ठ नागरिकांची केंद्रे होती. तरीही ही माणसे तेथेच का येत? कारण तेथे ती कोणाच्या दयेवर नव्हती. एक पेला विकत घेतला की खुर्ची हक्काची होती आणि समोरच्या खुर्चीवर मित्र होता.

२०/
दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. कोरियन वृद्ध आपला देश सोडून परक्या गावात गेला. पेठचा वृद्ध कोठेच गेला नाही. त्याच्या भोवतालचे गावच सहा महिने निघून गेले. ओळखीचे आवाज, कामे आणि सण हरवणे यालाच परकेपण म्हणत असतील, तर जागचा न हलता माणूस स्थलांतरित होऊ शकतो. स्थलांतराची मोजदाद करणाऱ्या कोणत्याही तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नाही.

२१/
शासनाने काय केले? १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. राज्याची 'श्रावणबाळ' योजना पासष्टी ओलांडलेल्या निराधारांना मदत देते. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली. ही रक्कम लहान वाटेल, परंतु हाती स्वतःचे पैसे असलेल्या म्हातारीचा घरातला आवाज वेगळा असतो. योजनेला श्रावणबाळाचे नाव मिळाले. मात्र कथेतला श्रावण आईवडिलांना कावडीत घालून सोबत नेतो. बँकेच्या खात्यातून जे येते, त्यात सोबत तेवढी येत नाही.

२२/
मनाच्या आजारांसाठी भारताने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला आणि १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्यास सुरुवात केली. महाराष्ट्राची जुनी चार शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे; नाशिक जिल्ह्यात एकही नाही. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते, मराठीतही. या सोयी मोलाच्या आहेत. परंतु दूरध्वनी करायला आपल्याला काहीतरी होते आहे हे आधी वाटावे लागते. 'म्हातारपण आहे, चालायचेच' असे जिथे मानले जाते, तिथे क्रमांक भिंतीवरच राहतो.

२३/
सर्वांत अवघड प्रश्न येथे उभा राहतो. वृद्धांची भूमिका काही अंशी चांगल्या गोष्टींनीच काढून घेतली. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. माता आणि बाळे वाचली, सुईणीची गरज उरली नाही. दुकानातून संकरित बियाणे आले, कणगीशेजारच्या म्हातारीला कोणी विचारीना. रेशन आले, कडू कांदाची विद्या मागे पडली. यांतले काहीही परत फिरवावे असे कोणी म्हणणार नाही. तरीही हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारी रिकाम्या हातांनी बसलेली असते.

२४/
आणि मग, अगदी अनपेक्षित ठिकाणाहून, म्हाताऱ्यांची गरज परत आली. २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य करायचा, तर पुरावा काय? सातबारा तर नाहीच. २००८ च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेत; जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आहेत; वंशावळ आहे. आणि एक ओळ अशी आहे : दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन.

२५/
ज्या व्यवस्थेने १८७८ मध्ये म्हाताऱ्या माणसाचे ज्ञान गुन्हा ठरवले, तिनेच सव्वाशे वर्षांनी त्याचे बोलणे पुरावा म्हणून मागितले. हा बांध कोणी घातला, ते आंब्याचे झाड कोणाच्या बापाने लावले, अमक्या दुष्काळात या खाचरात कोण राबत होते : पाड्यावरच्या ग्रामसभेत हे प्रश्न विचारले जाऊ लागले आणि उत्तरे फक्त पिकल्या केसांकडे होती. 'मोगलाई' आणि 'मंदिनी' यांच्या गोठी आता शासकीय नमुन्याला जोडल्या जात होत्या.

२६/
दाव्यांचा निकाल लांबला, तेव्हा हीच माणसे रस्त्यावर उतरली. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. वनजमिनीचा हक्क ही त्यातली मोठी मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालून पार केला गेला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती भेगाळलेल्या, रक्ताळलेल्या तळव्यांची. त्यांतले कितीतरी तळवे म्हाताऱ्या स्त्रियांचे होते. टोळीत ज्यांना जागा नव्हती, त्यांना मोर्चात होती.

२७/
या साऱ्याने एकाकीपण संपले, असे नाही. कथन एकदाच नोंदवले जाते, मोर्चा सात दिवसांत संपतो आणि दिवाळीनंतर गाड्या पुन्हा भरतात. परंतु पेठच्या इतिहासातून एवढे स्पष्ट दिसते : वृद्धाच्या मनाचा आधार पैशाने सुरू होतो, औषधाने सावरतो, टिकतो मात्र कोणीतरी त्याला काही विचारायला येण्याने.

२८/
वनहक्काच्या दाव्यांच्या गठ्ठ्यांत ती वडीलधाऱ्यांची कथने आजही आहेत. एक-दोन पानांची, कोणा शिकलेल्या नातवाने किंवा कार्यकर्त्याने लिहून घेतलेली, तळाशी निळ्या शाईचा अंगठा. पेठचा इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणाने दप्तरखान्याआधी त्या अंगठ्यांचा शोध घ्यावा. त्यांतले काही अंगठे उमटवणारे अजून पाड्यावर आहेत. जाण्यास उत्तम काळ मार्गशीर्षाचा : तेव्हा घरी तेच असतात, आणि त्यांना सांगायला वेळही असतो.

(धागा समाप्त)